जोगत्याचे लुगडे आणि एकतेचा प्रश्न

अलीकडच्या वृत्तपत्रीय मराठीत ‘एलजीबीटीक्यू समुदाय’ हा शब्द चांगलाच रुळला आहे. पाच-सहा परकीय आद्याक्षरांच्या त्या गाठोड्यात समलिंगी स्त्रिया आहेत, समलिंगी पुरुष आहेत, उभयलैंगिक आहेत, पारलिंगी आहेत, आणि यांपैकी कोणत्याच नावाखाली मावू न इच्छिणारेही आहेत. शब्द सोयीचा आहे, हे मान्य. परंतु ‘समुदाय’ म्हटले की एक वस्ती, एक चावडी आणि परस्परांच्या सुखदुःखाला धावून जाणारी माणसे असे चित्र मनात उभे राहते. तसे ते खरोखर आहे काय, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ त्यांच्या पद्धतीने सोडवोत. साहित्याच्या वाचकाने तो पुस्तकांच्या आधारे विचारून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विट्यासारख्या गावातून पाहिले म्हणजे हा प्रश्न अधिक नेमका होतो. खानापूर तालुक्याचे हे मुख्य ठाणे दुष्काळी पट्ट्यात वसलेले. यंत्रमागांचा खडखडाट आणि सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली कुटुंबे ही त्याची ओळख. या मुलखातील माणसाला ‘समुदाय’ ठाऊक नसतो. त्याला जोगता ठाऊक असतो. डोईवर यल्लम्माचा जग, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी भंडारा, अंगावर लुगडे आणि हाती परडी घेऊन दारोदार जोगवा मागणारा हा माणूस जतच्या जत्रेत भेटतो, सौंदत्तीच्या वाटेवर भेटतो आणि आठवडी बाजारातही भेटतो. त्याच्यापुढे लोक वाकतात आणि तो पाठमोरा झाला की तोंडाला पदर लावून हसतात. याच मुलखातील एखादा तरुण दूरच्या शहरी गलाईच्या दुकानात असतो, नियमित पैसे पाठवतो, आणि घरी लग्नाचा विषय निघाला की गप्प होतो. या दोघांना आपण एकाच समुदायाचे आहोत असे वाटेल काय? जोगत्याला त्या तरुणाचे दुःख दिसण्याचे कारण नाही. त्या तरुणाला तर आपले नाव जोगत्याबरोबर घेतले जाईल याचीच धास्ती अधिक.

मराठी साहित्याने या दोघांकडेही पाहिले आहे. मात्र निरनिराळ्या खिडक्यांतून.

जोगत्याकडे पाहणारी खिडकी आपल्याच दक्षिण महाराष्ट्रातली. गडहिंग्लजच्या परिसरातून आलेले कादंबरीकार राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्या १९८०च्या दशकातील. देवदासी निर्मूलनाची चळवळ या भागात जोरात असतानाचा तो काळ. पहिलीत सुली ही जोगतीण आहे, तर दुसरीत तायप्पा हा जोगता. या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा एकत्र गुंफून दिग्दर्शक राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ हा चित्रपट केला व तो २००९ साली प्रदर्शित झाला. चारुता सागर हे नाव आज फारसे घेतले जात नाही, म्हणून मुद्दाम सांगावेसे वाटते, की त्यांचे खरे नाव दिनकर दत्तात्रय भोसले. ते आपल्याच सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे. देवाच्या नावाने माणसाची होणारी परवड त्यांनी आसपासच पाहिली होती. ती शोधण्यासाठी त्यांना पुणे-मुंबईच्या ग्रंथालयांत जावे लागले नाही.

‘जोगवा’ पुष्कळ गाजला. ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान त्याला लाभला. तायप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना अभिनयाचे, अजय-अतुल यांना संगीताचे, तर हरिहरन व श्रेया घोषाल यांना पार्श्वगायनाचे पारितोषिक मिळाले. लुगडे नेसलेला पुरुष मराठी पडद्यावर येतो तो बहुधा हशा पिकविण्यासाठी, अशी सवय लागलेल्या प्रेक्षकाला या चित्रपटाने गप्प बसविले. हे त्याचे यश थोडे नाही. पुढे जे लिहितो आहे ते ते यश मान्य करूनच.

तायप्पा हा धडधाकट तरुण. त्याच्या आजारपणाला गावाने देवीचा कौल मानले आणि त्याला बळेच लुगडे नेसविले. त्याचे मन पुरुषाचे आहे आणि त्याचे प्रेम सुलीवर, म्हणजे एका स्त्रीवर आहे. चित्रपटाची सारी वाटचाल या लुगड्यातून सुटण्याकडे आहे, आणि प्रेक्षकाची सहानुभूतीही त्याच वाटेने वाहते. ‘आत पुरता पुरुष असताना वर लुगडे लादले’ हा अन्याय प्रेक्षकाला तात्काळ पटतो, कारण तो पटण्यासाठी त्याला स्वतःच्या कोणत्याही समजुतीला धक्का लावून घ्यावा लागत नाही. पुरुषाने पुरुषासारखे राहावे, स्त्रीवर प्रेम करावे, संसार थाटावा, हीच तर त्याची मूळची धारणा! चित्रपट तिला दुखवीत नाही. उलट शेवटी तिचीच पुनःस्थापना करून देतो.

आता दुसऱ्या जोगत्याचा विचार करावा. लहानपणापासून ज्याला बायकांत बसावेसे वाटले, बांगड्या भराव्याशा वाटल्या, ज्याला वडिलांनी त्यासाठी मारले आणि शाळेत पोरांनी छळले, अशा मुलाला जेव्हा ‘अंगात देवी आहे’ असे म्हणून लुगडे दिले जाते, तेव्हा ते लुगडे त्याला बेडी वाटेल की आसरा? गावगाड्यात अशा माणसासाठी दुसरी जागाच नव्हती. देवीच्या नावाने मिळालेली जागा भिक्षेची होती, उपहासाची होती, पुष्कळदा शोषणाचीही होती. तरी ती जागा होती. असे जोगते थोडे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा निकाल दिला, त्यात हिजडा, कोती, अरवाणी यांच्या जोडीने जोगप्पांचाही निर्देश आहे. म्हणजे एकाच रंगाच्या लुगड्यात दोन माणसे उभी आहेत. एकाला ते फेडावयाचे आहे आणि दुसऱ्याला ते हवे आहे. ‘जोगवा’ पहिल्याची कथा सांगतो, आणि ती इतक्या परिणामकारकपणे सांगतो, की दुसरा माणूस पडद्याच्या कडेला घोळक्यात नाचणारा एक चेहरा होऊन राहतो.

सुली आणि तायप्पा ही मुळात दोन स्वतंत्र कादंबऱ्यांतील माणसे आहेत, हेही येथे ध्यानात घ्यावे. त्यांना एकत्र आणून प्रेमकथा रचली ती चित्रपटाने. पटकथेच्या दृष्टीने हा बदल चतुर खरा. परंतु जोगत्याच्या जगण्यातील जे प्रश्न कोणत्याही संसाराने सुटणारे नाहीत ते त्या प्रेमकथेने बाजूला सारले. सुधारणावादी कलाकृतींचे हे जुनेच दुखणे आहे. प्रथा वाईट हे दाखवावयाचे, तर तिच्यात अडकलेला प्रत्येक जण बाहेर पडू इच्छितो असे गृहीत धरावे लागते. महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला. त्याच्या नावातच ‘दासी’ आहे, दासाचा विचार नाही. प्रथा संपावी याविषयी दुमत नसावे. प्रथेच्या आश्रयाला जे राहिले होते त्यांनी नंतर कोठे राहावे, याचे उत्तर मात्र कायद्यानेही दिले नाही आणि कलेनेही नाही.

उत्तराचा एक तुकडा सांगलीतच सापडतो, तो साहित्याच्या बाहेर. ‘संग्राम’ ही संस्था तेथे १९९२ पासून काम करीत आली. तिच्या आधाराने वेश्याव्यवसायातील स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली आणि तिच्या शेजारी पुरुष व पारलिंगी व्यक्तींची ‘मुस्कान’ ही संघटना. या मंडळींना परस्परांजवळ कोणत्याही आद्याक्षराने आणले नाही. पोलिसांचा दंडुका, दवाखान्यातील हिडीसफिडीस आणि एड्सचे सावट या गोष्टी दोघांच्याही वाट्याला आल्या होत्या. एकता या शब्दाचा अर्थ तेथे पाहावयास मिळतो, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होऊ नये. त्यांच्या कामाशी, व्यवसायाविषयीच्या त्यांच्या भूमिकेशी आपल्यापैकी अनेकांचे नैतिक मतभेद असतील, माझेही काही आहेत. तरी हे श्रेय त्यांचे त्यांना द्यावयास हवे.

दुसरी खिडकी ठाण्यात उघडते. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ साली मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे. मराठीत या विषयावरचे इतके मोकळे आत्मकथन तोवर क्वचितच आले असेल. उत्तर भारतातून ठाण्यास आलेल्या ब्राह्मण कुटुंबात जन्म, नृत्याचे शिक्षण, महाविद्यालय, आणि मग हिजड्यांच्या घराण्यात गुरूच्या हाताखाली प्रवेश. कथन धीट आहे, क्वचित आत्मप्रौढीकडे झुकणारे आहे. ते वाचनीय होण्याचे कारणही बऱ्याच अंशी तेच आहे. मला त्यात मोलाचे वाटले ते आईवडिलांचे चित्र. मुलाने लुगडे नेसल्याचे कळल्यावर ते घर हादरले, पण दार बंद केले नाही. हिजडा म्हणजे घरातून हाकललेला, हे समीकरण या पुस्तकाने मोडले.

परंतु घर राखता येणे हेही एक भांडवल असते. ज्याच्या पाठीशी शिक्षण आहे, इंग्रजी आहे, उच्च जातीचे आडनाव आहे, त्याचा आवाज लवकर ऐकला जातो आणि तोच सर्वांचा आवाज मानला जातो. २०१८च्या अखेरीस लक्ष्मी यांनी अयोध्येतील राममंदिराच्या बाजूने भूमिका घेतली, तेव्हा देशातील अनेक पारलिंगी व्यक्तींनी आणि संघटनांनी पत्रक काढून जाहीर निषेध नोंदविला. हिजड्यांच्या घराण्यांत हिंदू-मुसलमान एकाच गुरूच्या छपराखाली पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्या रीतिभातींत दोन्ही धर्म मिसळलेले आहेत. तेथे एका धर्माच्या बाजूने बोलणे म्हणजे घरातल्याच अर्ध्या माणसांना परके करणे, असा निषेध करणाऱ्यांचा रोख होता. वादात कोणाची बाजू खरी हा या लेखाचा विषय नाही. मात्र ‘समुदाय’ या शब्दाच्या पोटात जात, धर्म, भाषा आणि पैसा हे सारे जसेच्या तसे नांदत असते, हे त्या प्रसंगाने उघड केले. बाहेरच्याने नाकारलेली माणसे आपापसांत आपोआप समान होत नाहीत. आपल्या ख्रिस्ती समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

तिसरी खिडकी पुण्यातल्या वाढत्या, सुस्थित मध्यमवर्गाची. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही छोटेखानी कादंबरी २००६ साली आली. जोशी कुटुंबात एक पाहुणा भाडेकरू म्हणून राहावयास येतो. भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात, आणि एके दिवशी अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. पहिला अर्धा भाग तनयचे स्वगत, दुसरा अनुजाची रोजनिशी. तिचा प्रेमभंग घराला कळतो, घर तिच्यासाठी रडते, धावपळ करते, डॉक्टर गाठते. तनयचा प्रेमभंग त्याच घरात, त्याच जेवणाच्या टेबलाशी बसलेला असतो आणि त्याला नावही नसते. एकाच माणसाने दोघांना दिलेले दुःख, पण एकाच्याच दुःखाला कुटुंबाची मान्यता! इतक्या कमी शब्दांत, इतक्या शांतपणे हा अन्याय मराठीत क्वचितच मांडला गेला असेल.

येथे भाषेविषयी थोडे विषयांतर करतो. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद माहीमचे लेखक जेरी पिंटो यांनी केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तनय आपल्या प्रियकराला ‘तू’ म्हणून संबोधतो. इंग्रजीत ‘तू’चे लिंग कळत नाही, बोलणाऱ्याचेही कळत नाही, वाचक काही काळ अंधारात राहू शकतो. मराठीत ती सोय नाही. ‘तू आलास’ म्हटले की पुरुष, ‘मी बसलो’ म्हटले की पुरुष. मराठी क्रियापद चहाडी करते. म्हणूनच मराठीत असे प्रेम लिहिणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सारे कबूल करावे लागते, आणि मराठीत असे प्रेम करणाऱ्याला घरी फोनवर बोलताना प्रत्येक क्रियापद तोलून वापरावे लागते. जोगते आपापसांत स्त्रीलिंगी क्रियापदे वापरतात, ‘मी गेले’, ‘मी आले’. गावकरी त्यांना हाक मारताना कधी ‘अगं’ म्हणतात, कधी ‘अरे’. कोणते केव्हा, यावरून हाक मारणाऱ्याचा त्या दिवशीचा भाव ओळखावा. आमच्या व्याकरणात तीन लिंगे आहेत खरी, पण तिसरे आहे ते वस्तूंसाठी आणि लहान लेकरांसाठी. लक्ष्मी यांच्या पुस्तकाची भाषा, गवसांची सीमाभागातील बोली आणि कुंडलकरांची पुणेरी प्रमाण मराठी शेजारी ठेवून पाहिली, तर तीन देशांतील माणसे बोलत आहेत असे वाटावे.

तनयला आपल्या शहरातील हिजडे दिसत नाहीत, जोगते तर नाहीतच. त्याच्या एकटेपणाला दुसऱ्या कोणाच्या एकटेपणाची ओळख नाही. याबद्दल लेखकाला दोष देण्याचे कारण नाही. तो वर्गच तसा आहे. भारतीय दंडविधानाच्या ३७७व्या कलमातून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले, तेव्हा सर्वांनी एकत्र आनंद केला. त्याआधीची कित्येक वर्षे त्या कलमाचा आणि पोलिसी बडग्याचा रोजचा मार रस्त्यावरच्या हिजड्यांनी व कोतींनी खाल्ला होता. बंद दार असलेल्या घरातल्यांना भीती होती, त्यांना मार होता.

स्त्रियांविषयी थोडक्यातच लिहावे लागते, कारण साहित्यानेही थोडक्यातच लिहिले आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्राची भूमिका केली. स्वातंत्र्यपूर्व काळातील पुण्यातली ही महाविद्यालयीन तरुणी दुसऱ्या तरुणीवर प्रेम करते आणि अखेर जीव देते. तिची कथा सांगतो तो बापू, तिच्यावर मनोमन प्रेम करणारा एक भिडस्त तरुण. नाटक निर्भीड होते यात शंका नाही. पण मित्राला स्वतःचा आवाज नाही, ती बापूच्या आठवणीतून बोलते. आणि तिच्यासारखी दुसरी कोणी स्त्री तिला भेटतच नाही. जोगत्याला निदान जोगत्यांचा मेळा असतो.

आपल्या वाचकांपैकी काहींना वाटेल, की धर्मग्रामातील कुटुंबांच्या नियतकालिकात हा विषय कशाला? मराठी ख्रिस्ती साहित्याची परंपरा पाहता ही शंका टिकत नाही. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते घरातच परक्या झालेल्या विधवांविषयी, आणि मराठी कादंबरीचा आरंभ तेथून मानला जातो. शुभवर्तमानाची आपली भाषाही या विषयाला अनोळखी नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप ज्याला वाटेतल्या पाण्यात बाप्तिस्मा देतो तो इथिओपियाच्या राणीचा खजिनदार षंढ होता. मंदिराच्या नियमांनी बाहेर ठेवलेल्या त्या माणसाला रथात धर्मग्रंथ वाचताना दाखविले आहे, यातील सूचकता सहसा प्रवचनांत येत नाही. त्याच्यासाठी वापरलेला शब्द आज मराठीत निव्वळ शिवी झाला आहे. ख्रिस्तसभेने नैतिक शिकवण बदललेली नाही. परंतु १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथातील २३५८व्या परिच्छेदाने समलिंगी प्रवृत्तीच्या व्यक्तींना आदर, करुणा व नाजूक जाणिवेने स्वीकारावे, अन्याय्य भेदभावाचा मागमूसही नसावा, असे सांगितले आहे. २०२३ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने व्हॅटिकनने पारलिंगी व्यक्तीला, भाविकांत गैरसमज माजणार नाही अशा स्थितीत, बाप्तिस्मा घेता येईल असा खुलासा केला. कागदावरचा हा स्वीकार साहित्यात अद्याप उतरलेला नाही. मराठी ख्रिस्ती कथेत धर्मगुरू आहे, शिक्षिका आहे, दारूडा बाप आहे. लग्न टाळणारा मुलगा मात्र बहुधा ‘बोलावणे’ आलेला असतो किंवा नुसताच विक्षिप्त. तो तसा का, हे विचारण्याचे धैर्य आमच्या कथाकारांनी अजून फारसे केलेले नाही.

दिशा पिंकी शेख यांच्या ‘कुरूप’ या कवितासंग्रहाचा उल्लेख केल्याशिवाय हा आढावा अपुरा राहील. पारलिंगी आणि भटक्या समाजातून आलेल्या या कवयित्रीला २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने पक्षप्रवक्त्या केले. ज्या नावात दोन धर्म सहज शेजारी बसतात त्या नावाची ही कवयित्री जात आणि लिंग वेगळे काढून बोलत नाही, आणि म्हणूनच तिच्या कवितेत ‘आम्ही’ हा शब्द भरीव वाटतो. विट्याच्या उत्तरेस, माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे, म्हणजे गावाच्या ‘माऊली’, या पारलिंगी व्यक्तीला सरपंचपदी निवडून दिले. त्या निवडणुकीवर कादंबरी व्हावी असे द्रव्य तिच्यात आहे. मतदारांनी आद्याक्षरे पाहून मत दिले नसणार; त्यांना रस्त्याची आणि पाण्याची कामे करणारे माणूस हवे होते.

गवस, कुंडलकर, तेंडुलकर, त्रिपाठी यांच्या खिडक्या वेगवेगळ्या भिंतींत आहेत, आणि एका खिडकीतून दुसरी दिसत नाही. मला वाचावयाची आहे ती गोष्ट अशी: गलाईच्या दुकानातून सुटीवर आलेला तो गप्प तरुण आईचा नवस फेडण्यासाठी जतच्या जत्रेला जातो, आणि गर्दीत त्याला शाळेत पुढच्या बाकावर बसणारा सोबती जग घेऊन उभा असलेला दिसतो. दोघे एकमेकांना ओळखतात. आई जवळच आहे. त्या क्षणी तो तरुण त्याला ‘काय म्हणतोस’ असे विचारील की ‘काय म्हणतेस’, येथूनच लेखकाला प्रारंभ करावा लागेल.